लॉन्ड्रीवालीचा पिक्चर

आईचं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि चौदाव्या दिवशी सकाळी आठ वाजता बेल वाजली. दारात ती उभी होती. खांद्याला नेहमीची पिशवी, हातात डबा, पायात त्याच निळ्या चपला. चौदा महिने ती याच वेळेला आईला सांभाळायला येत होती. आता सांभाळायला घरात कुणी नव्हतं.

"महिना तुमच्याकडचा हाये माझा," ती म्हणाली. "अजून अकरा दिवस बाकी हायेत. संस्थेतून नवी केस एक तारखेपासून भेटणार हाये. तवरोक घरी बसून काय करू?"

मी बाजूला झाले, ती आत आली. मला नवल वाटलं नाही. त्या दिवसांत मला काहीच वाटत नव्हतं. दात काढायच्या आधी सुई देतात, मग गाल आपलाच असतो पण आपला लागत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. बायका गळ्यात पडून रडल्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. पोरगी रडली नाही, आत साचेल, अशी कुजबुज मी स्वयंपाकघरातून ऐकली. पोरगी म्हणजे मी. वय छप्पन, बिनलग्नाची, एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत. आईबरोबर राहणं हाच माझा संसार होता. माझी रजासुद्धा महिनाअखेरपर्यंतच मंजूर होती.

ती सवयीनं आईच्या खोलीत गेली. भाड्याचा पलंग परत गेला होता, फरशीवर त्याच्या चार पायांचे डाग तेवढे राहिले होते. ती स्टुलावर बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत राहिली. तिला रिकामे हात जमत नाहीत हे मला ठाऊक होतं. भिवापूरची मिरची दरवर्षीप्रमाणे येऊन पडली होती. आईनं लावून ठेवलेला माणूस, त्याला कुणी कळवलंच नव्हतं, तो पाच किलोचं पोतं दारात ठेवून गेला होता. मी ते वर्तमानपत्रावर ओतलं, एक सूप तिच्यापुढे सरकवलं, एक माझ्यापुढे घेतलं आणि आम्ही देठ तोडायला बसलो.

चारपाच मिरच्या झाल्यावर ती म्हणाली, "आता सांगा तो पिक्चर."

कोणता पिक्चर, ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

आईला अर्धांगवायू झाला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. घरोघरी आजाऱ्यांसाठी बायका पुरवणाऱ्या संस्थेनं हिला पाठवलं. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, अंगानं मजबूत, दहावी पास. पहिल्या दिवशी चपला काढायच्या आधीच तिनं विचारून घेतलं. "आमी बौद्ध आहो, ताई. आमच्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली. घरात कोणाले चालत नसन तं आत्ताच सांगा, मंगची किटकिट नोको."

"छे, आम्ही असलं काही मानत नाही," मी तोंड भरून म्हणाले.

आई मानत होती. वाचा गेली तरी मान वळत होती. हिच्या हातचा चमचा जवळ आला की आई तोंड भिंतीकडे करायची. आठ दिवस ती जेवली ती फक्त माझ्या हातून, सकाळी ऑफिसच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर. आजारपणामुळे चिडचिडी झाली आहे, सगळ्यांशीच अशी वागते, असं मी सांगायचे. "मले माहीत हाये ते काहून," ती म्हणाली. "तुमी कायले खोटं बोलून राहिल्या?" आणि तिनं चमचा पुन्हा पुढे केला. नवव्या दिवशी आईनं तोंड उघडलं. भूक अनावर झाली की हट्ट संपला, ते विचारायची सोय नव्हती.

मी तरी काय वेगळी होते? तिचा चहाचा कप वेगळा होता, निळ्या काठाचा. मी तो खिडकीत उपडा ठेवायचे आणि मनाला सांगायचे, दहा घरची आजारपणं करून येणारी बाई आहे, जंतू असतात. तिनं कधी विचारलं नाही. मीही कधी कबूल केलं नाही, ते आता इथे करते आहे.

मैत्रीबित्री काही नव्हती आमच्यात. आईच्या अंगाखालची चादर दोन्ही बाजूंनी धरायची, ती "एक, दोन, घ्या" म्हणायची, आणि आम्ही आईची कड बदलायचो. बोलणं झालंच तर आईच्या पोटाचं, पाठीवरच्या जखमांचं. आमच्या घरी एके काळी हातमाग होते. वडील विणायचे, आई चरख्यावर कांड्या भरायची, म्हणजे उजव्या हातानं चाक फिरवायचं आणि डाव्या हाताच्या चिमटीतून सूत सोडायचं. माग माझ्या लहानपणीच बंद पडले, वडील कुठल्या कुठल्या गोदामात कामाला लागले, पण आईचा डावा हात ते विसरला नव्हता. पडल्या पडल्या तिची अंगठ्याची आणि बोटाची चिमटी सारखी मिटलेली असायची, नसलेलं सूत धरून. मला वाटायचं, शिरा आखडल्या. हिनं मात्र एक दिवस स्वेटरच्या लोकरीचा धागा त्या चिमटीत दिला आणि दुसरं टोक हळूहळू ओढत राहिली. आईच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी हसू म्हणते. हिनं वहीत लिहिलं, "४.२० आजी हसली."

ती वही म्हणजे तिची शिस्त होती. चारशे पानी, रेघांची. सहाला औषध मी द्यायचे, ते सोडून आठपासूनचं सगळं तिच्या अक्षरात. दहाला कड बदलली. अकराला ताक. बाराला कड. एकला पातळ खिचडी, किती चमचे तेसुद्धा. माझ्या ऑफिसात हालचाल नोंदवही असते; कोण किती वाजता कुठे गेलं, किती वाजता परत आलं. तीस वर्षं मी ती तपासते आहे आणि तीत एकही पान खरं नसतं. हिच्या वहीत एकही पान खोटं नव्हतं, असं मी तेव्हा म्हणाले असते.

त्या चौदा महिन्यांत मी ऑफिस, औषधाचं दुकान आणि घर याखेरीज कुठे गेले नव्हते. जानेवारीत ऑफिसच्या ग्रुपवर एका सिनेमाचा पास आला. रविवारी सकाळी अकरा वाजता, फ्रेंच सिनेमा, नंतर चर्चा. मी तो नुसता बघून बाजूला ठेवला, तर हिनं मोबाइल हातातून घेतला. "जा नं ताई. मी येतो रविवारी. सुट्टी हाये मले, तरी येतो. दोन घंट्यात काय होते?"

दोन तासांत काय होतं, ते तिनंच मला मग दाखवलं.

मी गेले. सभागृहात दीडेकशे लोक असतील, बहुतेक पांढऱ्या केसांचे. मोबाइल बंद ठेवा म्हणाले, मी आवाज बंद करून मांडीवर उलटा न ठेवता सुलटा ठेवला, आणि दर पाच मिनिटांनी बघत होते. फोन आला नाही. अर्ध्या तासानं मी बघणं सोडलं. एकच्या सुमारास सिनेमा संपला, चहा झाला, चर्चा सुरू झाली, आणि मी उठून घरी यायचं सोडून तिथेच बसले. इतकंच नाही, हात वर करून बोलले. पाचदहा जणांनी टाळ्या वाजवल्या. मंचावरचे गृहस्थ म्हणाले, ताईंनी नेमकं बोट ठेवलं. रिक्षात बसून मी माझीच वाक्यं मनात पुन्हा म्हणत आले.

दोन वाजून पाच मिनिटांनी घरात पाय ठेवला. दार उघडंच होतं. आईला पुसून काढलं होतं, केस धुऊन, तेल लावून, विंचरून वेणी घातली होती, आणि तिच्या अंगावर आमच्याच मागावरचं हिरव्या काठाचं जुनं लुगडं होतं, जे तिनं शेवटासाठी म्हणून ट्रंकेत ठेवलं होतं. ही स्टुलावर बसली होती.

"गेल्या आजी," ती म्हणाली. "दीडले."

कोपऱ्यावरचे डॉक्टर आले. वेळ विचारली, तिनं पुन्हा दीड सांगितली, त्यांनी कागदावर लिहिली. आणि माझ्या डोक्यात तेव्हा एकच हिशेब सुरू झाला. दीड वाजता मी काय करत होते? दीड वाजता मी माईक हातात धरून बोलत होते. सिनेमा संपल्या संपल्या उठले असते तर पंचवीस मिनिटांत घरी असते. आई माझ्यासमोर गेली असती. मी टाळ्यांसाठी थांबले. तेरा दिवस लोक येत होते, जात होते, पिंडाला कावळा शिवला, जेवणावळ झाली, आणि मी आतल्या आत तेच एक वाक्य फिरवत होते. सिनेमात असताना गेली असती तर चाललं असतं. चर्चेत असताना गेली. तेवढाच एक भाग जागा होता माझा, बाकी सगळं बधिर.

चर्चेचं मी हिला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

तर ती म्हणाली, सांगा तो पिक्चर, आणि मी सांगू लागले. सुरुवातीला नुसता आवाज निघावा म्हणून. फ्रान्समधलं समुद्राकाठचं एक गाव, बंदराचं, सारखी भुरभुर. तिथे एक लॉन्ड्री चालवणारी बाई. बाहेरगावहून आलेली, धिप्पाड, एकटी. आणि गावातल्या मोठ्या वकिलाची बायको, नाकासमोर चालणारी, दर सोमवारी नवऱ्याचे सहा पांढरे शर्ट घेऊन येते. धुवा, खळ घाला, इस्त्री करा. थांबून राहते आणि हातोहात परत नेते.

"नोकर नसन काय तिच्याकडे?" तिनं विचारलं.

"असतील. पण स्वतः येते."

"मंग काही तरी गडबड हाये."

गडबड अशी की शर्टांच्या कॉलरला मळ नसतो. घामाचा वास नसतो. लॉन्ड्रीवाली पहिल्याच खेपेला नाकाशी धरून बघते आणि तिला कळतं की हे शर्ट कुणी घातलेलेच नाहीत. वकील मेलेला आहे. ती बोलत नाही. स्वच्छ शर्ट पुन्हा धुते.

हिचे हात थांबले. "किती सोमवार?"

"वर्षभर."

"बाप्पा," ती म्हणाली, आणि पुढची मिरची उचलली.

एवढी गोष्ट एका दुपारी संपली असती. मी संपवली नाही. अकरा दिवस पुरवायची होती. मी त्या दोघींना मासळी बाजारात नेलं, एकीला ताप आणला, दुसरीला तिच्या उशाशी बसवलं. सिनेमात यातलं काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी वकिलाच्या बायकोला मी एक मुलगा दिला, तर ही लगेच म्हणाली, "काल तं तुमी सांगितलं तिले लेकरू नाई. आज कुठून आलं?" मी म्हणाले, दत्तक. ती हसली. मिरचीच्या भुकटीनं आम्हा दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि माझ्या डोळ्यांतलं ते फक्त मिरचीचंच होतं.

संध्याकाळी ती आठला जायची. मग मी जेवायचे किंवा नाही जेवायचे, आठवत नाही. सकाळी बेल वाजली की कळायचं, आणखी एक दिवस आला. तिची नवी केस शहराच्या दुसऱ्या टोकाला, जरीपटक्याला होती, एक म्हातारे गृहस्थ. एक तारखेनंतर बेल वाजणार नव्हती. तिला थांब म्हणायला माझ्याकडे काही कारण नव्हतं. आई होती तोवर कारण पलंगावर होतं.

नवव्या दिवशी उरलेली औषधं आणि डायपर एखाद्या गरजू घरी द्यावेत म्हणून ती पिशवी भरत होती. मी कपाटाचा खण उपसून देत होते, त्यात ती वही निघाली. मी शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. उगीच, तीस वर्षांची खोड. दहाला कड बदलली. अकराला ताक, सात चमचे. बाराला कड, तोंड खिडकीकडे. त्याच्या खाली काही नाही.

एकची खिचडी नव्हती.

मी मागची पानं चाळली. चौदा महिन्यांत तिच्या ड्युटीच्या एकाही दिवशी एकची खिचडी चुकली नव्हती. जुलाब लागले होते तेव्हासुद्धा "एकला खिचडी दिली नाही, साखरपाणी" असं लिहिलेलं होतं. आई दीडला गेली असेल, तर एक वाजता ती काय खाऊन गेली? आणि मग मला तिचे केस आठवले. धुतलेले होते आणि कोरडे होते. वेणी घातलेली होती. पस्तीस मिनिटांत आईचे केस कधी वाळले नाहीत, उन्हाळ्यातसुद्धा नाही.

मी वही तिच्यापुढे धरली. तिनं पान बघितलं, पिशवी खाली ठेवली आणि ती स्टुलावर बसली.

"सव्वाबाराले," ती म्हणाली.

बाहेर भाजीवाला ओरडत होता. तिनं उठून खिडकी लावली आणि स्टुलावर परत बसली.

"बाराले कड बदलली. आजीनं माझ्या पदराचा काठ धरला. चिमटीत. रोज धरे तसा. श्वास वेगळा होता, मी लय बायका जाताना पाहिल्या, मले समजलं. मी तशीच वाकून बसून राहिली, काठ सोडवला नाही. सव्वाबाराले चिमटी सुटली."

"मग फोन काहून नाही केला?" मी विचारलं. ऑफिसात आणि घरात मी प्रमाण भाषा बोलते, आईला ते आवडायचं. पण तो काहून माझ्या तोंडून आपोआप आला.

"नंबर काढला होता. हातात होता फोन. मंग वाटलं, आता कायची घाई हाये? आजी तं कुठी जाणार नाही आता. तुमी तिकडं अंधारात बसल्या असान, चौदा महिन्यानं कुठी गेल्या होत्या. फोन केला की सगळं झालं. म्हटलं, ताईले समजलं नाही तवरोक ताईची माय जितीच हाये. असू दे अजून थोडा वेळ."

"आणि दीड? दीड का सांगितलंस?"

"भेव लागलं. माणूस मेलं अन् बाईनं दोन घंटे घरच्याले फोन नाही केला, हे कोणाले समजलं तं मले केस देईन काय कोणी? अन् तुमी तरी घरात घेतलं असतं?" तिनं पदराचा काठ बोटांत धरला होता. "मी हिशेब केला. अकराचा पिक्चर, एकाले संपन. दीडले तुमी रस्त्यात असान. रस्त्यातल्या माणसाले काही दोष लागत नाही. म्हणून दीड."

पासावर तिनं वेळ तेवढी बघितली होती, तिला चर्चा माहीत नव्हती. जाताना मी ती बोलले असते तर तिनं एक वाजता सांगितलं असतं, सव्वाला सांगितलं असतं. माझ्यावर दोष येऊ नये म्हणून तिनं जी वेळ निवडली, नेमक्या त्याच वेळी मी माईक धरून उभी होते.

मला राग आला. बावीस दिवसांत पहिल्यांदा काही तरी आलं, ते हे. हातपाय गरम झाले. मी म्हणाले, "माझी आई होती ती. तुझी नव्हती. तू ठरवणारी कोण?" आणखीही बोलले. शेवटी म्हणाले, "जा तू." ती उठली, डबा पिशवीत टाकला, औषधांची पिशवी तिथेच राहिली. दुपारचे तीन वाजले होते. चौदा महिन्यांत ती आठच्या आधी कधी गेली नव्हती.

राग संध्याकाळपर्यंत टिकला, आणि तो असताना मला बरं वाटत होतं हे कबूल केलं पाहिजे. मग तोही ओसरला आणि मी चर्चेत काय बोलले होते ते आठवलं. सिनेमात शेवटी दुकानातलं एक गिऱ्हाईक बोलून जातं की वकील जाऊन दोन वर्षं झाली. वकिलाची बायको लॉन्ड्रीवालीकडे बघते आणि तिला दिसतं की ही दचकली नाही, हिला पहिल्यापासून माहीत होतं. ती सहा ओले शर्ट उचलते आणि निघून जाते. पुढच्या सोमवारी लॉन्ड्रीवाली दार उघडं ठेवते, इस्त्री तापवते, घड्याळ दिसतं, कुणी येत नाही, संपलं. यावर मी काय म्हणाले होते? म्हणाले होते, हिला मैत्री म्हणू नका, जिला माहीत होतं तिनं सांगायला हवं होतं, दया करून लपवलेलं सत्य ही फसवणूकच. टाळ्या त्याला मिळाल्या होत्या. पांढऱ्या केसांची माणसं मान डोलावत होती आणि मी स्वतःवर खूश होते. आता मला त्याची लाज वाटली. ज्या बाईला वर्षभर खिडकीतल्या कपात चहा दिला, तिच्याबद्दल निकाल द्यायला मी फ्रान्सपर्यंत गेले होते.

दुसऱ्या दिवशी आठला बेल वाजली नाही. सव्वाआठला मी दार उघडून बघितलं. साडेआठला पुन्हा. नऊला माझ्या लक्षात आलं की मी चहाचं आधण ठेवून दाराशी उभी आहे आणि पाणी आटलं आहे. मी घड्याळाकडे बघितलं. सिनेमातली ती इस्त्री तापवून बसलेली बाई मला तेव्हा पहिल्यांदा कळली.

मी फोन लावला. तिनं उचलला.

"पिक्चरचा शेवट राहिला," मी म्हणाले.

तिकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "येतो."

ती आली तेव्हा अकरा वाजून गेले होते. मी चहा केला. हाताला लागले ते दोन कप भरले आणि निम्मा चहा झाल्यावर दिसलं की निळ्या काठाचा माझ्याकडे आला आहे. तिनंही ते बघितलं. मिरचीचं शेवटचं सूप राहिलं होतं, ते मध्ये घेतलं.

मी आधी चर्चेचं सांगितलं. थांबले होते, बोलले होते, नेमकं दीड वाजता. तिनं हातातली मिरची खाली ठेवली. "माय वं," ती एवढंच म्हणाली. "अन् तुमी इतके दिवस तेच घेऊन बसल्या होत्या?" मी हो म्हणाले. मी सिनेमात कुठे होते तेही तिला मोजून सांगितलं: सव्वाबाराला लॉन्ड्रीवाली वकिलाच्या बायकोला इस्त्री कशी धरायची ते शिकवत होती, आणि तिनं एक बाही जाळली, आणि सभागृहात सगळे हसले. मीही हसले होते.

"मंग बरं झालं," ती म्हणाली. थोड्या वेळानं, खाली बघूनच, "अन् शेवट?"

मी सांगितलं. गिऱ्हाईक बोलून गेलं, बायकोला कळलं, ती शर्ट उचलून तरातरा निघून गेली. पुढच्या सोमवारी लॉन्ड्रीवालीनं दार उघडं ठेवलं.

"आली?"

"आली," मी म्हणाले. "जरा उशिरा आली."

"शर्ट घेऊन?"

"नाही. रिकाम्या हातानं."

तिनं माझ्याकडे निरखून बघितलं. दत्तक मुलाच्या वेळी बघितलं होतं तसंच. या वेळी हसली नाही. "चांगला हाये मंग पिक्चर," म्हणाली.

मी आत जाऊन वही आणली, पेन आणलं आणि ते पान तिच्यापुढे उघडलं. "लिही," मी म्हणाले. "अपूर्ण राहिलं आहे."

ती उठून हात धुऊन आली. "१२.१५," तिनं लिहिलं, आणि पुढे, तिच्या त्या गोल अक्षरात, "आजीची चिमटी सुटली." मग पेन तसंच धरून विचारलं, "खाली काही लिहू?"

"किती वाजता आले मी?"

"दोन पाच."

तिनं चार ओळी सोडल्या आणि लिहिलं, "२.०५ ताई घरी आल्या."

डॉक्टरांच्या कागदावर दीडच आहे, तो मी बदलायला गेले नाही. पण त्या वहीत, त्या दोन नोंदींच्या मध्ये, चार ओळी कोऱ्या आहेत. तेवढा वेळ आई जगात नव्हती आणि मला मात्र होती. मी त्या ओळींवर बोट ठेवलं, आणि गालावर काही तरी ओलं लागलं. लागलं, म्हणजे गाल माझाच होता. मी तो पुसायला हात वर केला, तर तिनं माझं मनगट धरलं.

"मिरचीचा हात डोळ्याले लावू नोका, ताई," ती म्हणाली, आणि आपल्या पदराच्या काठानं तिनं माझे डोळे पुसले.